फलकांचं काम: थोरवाल्ड स्टाउनिंग

१६ जून २०२५

वाचनालयाच्या लांब भिंतीवर कामगार चळवळीतल्या माणसांचे फलक लावायचं पक्कं झालं. पहिला मान डेन्मार्कच्या थोरवाल्ड स्टाउनिंगला. सोलापूरच्या वाचकाला हे नाव नवं वाटेल, पण आमच्या आसपासच्या वस्तीत विड्या वळणारी घरं पुष्कळ आहेत. स्टाउनिंगही तंबाखूतलाच माणूस. कोपनहेगनच्या सिगार कारखान्यात हाताने काम करणारा कारागीर, मग संघटनेचा पदाधिकारी, पुढे खासदार, मंत्री आणि देशाचा पंतप्रधान.

जन्म २६ ऑक्टोबर १८७३, मृत्यू ३ मे १९४२. पंतप्रधानपद दोनदा: १९२४ ते १९२६ आणि १९२९ पासून शेवटच्या श्वासापर्यंत.

‘कारखान्यातला पोरगा पंतप्रधान झाला’ असं शीर्षक एकाने सुचवलं. मी नको म्हटलं. त्या वाक्यात मधली तीस वर्षं गायब होतात, आणि आमच्या वाचकांच्या कामाची असतील तर ती तीस वर्षंच. वर्गणी गोळा करणं, हिशेब ठेवणं, मालकासमोर टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसणं, अर्धं पदरात पडलं तरी ते लेखी घेणं. स्टाउनिंग हे संघटनेत शिकला आणि सरकारात गेल्यावरही त्याने हेच केलं. फलकांचा धागा हाच ठेवायचा.

१९ जून

दुसऱ्या फलकावर त्याचा धंदा. ‘सिगार कामगार’ एवढं मोघम लिहून चालणार नाही. स्टाउनिंग सिगार वळत नव्हता, तो प्रतवारी करायचा.

कारखान्यात कामाचे टप्पे असत. आधी ओलसर केलेल्या पानाची मधली शीर काढायची. मग आतला भरणा, त्यावर बांधणीचं पान आणि सगळ्यात वर गुळगुळीत आवरणाचं पान घेऊन सिगार वळायची. तयार माल प्रतवारी करणाऱ्याकडे येई. तो सिगारी रंगछटेप्रमाणे वेगळ्या काढायचा: फिकट, तांबूस, गडद, आणि त्यांच्या मधल्या कितीतरी छटा. पेटी उघडल्यावर वरच्या थरातल्या सगळ्या सिगारी एकाच रंगाच्या दिसायला हव्यात. त्यासाठी उजेड लागे, पण थेट ऊन चालत नसे. डोळा तयार व्हायला वर्षं लागत. हे कारागीर संख्येने थोडे होते आणि त्यांची स्वतःची वेगळी संघटना होती.

वाचनालयात येणाऱ्या एका मावशींना कच्चा मजकूर वाचून दाखवला. त्यांनी उभं आयुष्य विड्या वळल्यात. त्यांचा पहिला प्रश्न, “म्हणजे हा छाट काढणारा होता?” आपल्याकडे कारखान्यात विड्या तपासून वाईट म्हणून बाजूला टाकतात, त्याचे पैसे बाईला मिळत नाहीत, आणि त्यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणं होत आली आहेत. मावशींच्या मनात ‘निवडणारा’ म्हणजे मालकाचा माणूस. कोपनहेगनचा प्रतवारीवाला मात्र स्वतः मजुरीवर जगणारा कामगार होता, हे फलकावर स्पष्ट लिहायला हवं. मावशींचा प्रश्न आला नसता तर ही ओळ मला सुचली नसती.

२३ जून

आज सगळा वेळ एका बाजूच्या चौकटीवर गेला. तंबाखूच्या कामातून इतके कामगार पुढारी का निघाले?

यादी खरोखर मोठी आहे. जर्मनीत फ्रिड्रिश विल्हेल्म फ्रिट्शे हा सिगार कामगार. त्याने १८६५ मध्ये सिगार कामगारांची देशव्यापी संघटना उभी केली, जर्मनीतल्या अशा पहिल्या संघटनांपैकी ती एक. सॅम्युएल गॉम्पर्स लंडनमध्ये १८५० साली जन्मला, पोरवयात सिगार वळायला शिकला, १८६३ मध्ये कुटुंबाबरोबर न्यूयॉर्कला गेला आणि १८८६ मध्ये अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबरचा पहिला अध्यक्ष झाला. क्युबातल्या तंबाखू कामगारांची चळवळ तर प्रसिद्धच आहे.

कारण कामाच्या पद्धतीत आहे. सिगार वळायला यंत्राचा खडखडाट नव्हता. माणसं ओळीने टेबलाशी बसत, हात चालत आणि कान मोकळे राहत. मग कुणीतरी मोठ्याने वाचायचं. हवानाच्या एल फिगारो कारखान्यात ही प्रथा १८६५ मध्ये सुरू झाली. वाचणाऱ्याचा मोबदला कामगार आपल्या खिशातून देत. न्यूयॉर्कमध्ये गॉम्पर्सच्या टेबलावरही वाचन चाले, आणि वाचणाऱ्याचं बुडालेलं काम इतर जण वाटून घेत. वर्तमानपत्रं, कादंबऱ्या, राजकीय पुस्तिका, सगळं त्या टेबलांवर ऐकलं गेलं आणि त्यावर वादही झडले.

विडीचं काम आपल्याकडे घराघरात विखुरलं आहे. बाई उंबऱ्यात बसून मांडीवरच्या सुपात हजार विड्या पुऱ्या करते, शेजारीण आपल्या उंबऱ्यात. एकत्र बसून ऐकण्याची जागाच नाही. ही चौकट वाचणाऱ्या मुलींना हा फरक दिसावा अशी माझी फार इच्छा आहे. वाचनालय दुपारी उघडं ठेवायचं ते याचसाठी.

गॉम्पर्स आणि स्टाउनिंग यांच्यातला फरकही एका ओळीत घेतला. गॉम्पर्सने संघटनेला स्वतःच्या पक्षापासून लांब ठेवलं. स्टाउनिंगच्या देशात संघटना आणि पक्ष सख्ख्या भावंडांसारखे वाढले.

२४ जून

चित्रकार मित्राने चेहऱ्याचा पहिला आराखडा दाखवला. लांब भरघोस दाढी, उंच देह. दाढी तशीच ठेवायची. डेन्मार्कचा मतदार त्याला दुरून त्या दाढीवरूनच ओळखत असे.

३० जून

संघटनेची वर्षं. मजकूर खूप झाला, कापावा लागेल, पण या भागाला सर्वांत मोठा फलक द्यायचाच.

घर कष्टकऱ्यांचं, शाळा थोडी, लहानपणीच तंबाखूच्या कारखान्यात. डेन्मार्कमध्ये समाजवादी चळवळ १८७१ मध्ये सुरू झाली होती. पुढच्याच वर्षी ५ मे १८७२ ला कोपनहेगनच्या मैदानावरची बंदी घातलेली कामगारांची सभा पोलीस आणि घोडदळाने उधळली. स्टाउनिंग त्यानंतरच्या पिढीचा. त्याच्या वाट्याला दगडफेक कमी आणि कागदपत्रं जास्त आली.

१८९६ मध्ये तो सिगार प्रतवारी करणाऱ्यांच्या संघटनेचा अध्यक्ष झाला आणि १९०८ पर्यंत राहिला. १८९८ ते १९०४ कामगार संघटनांच्या नियतकालिकाचं संपादन केलं. त्याच १८९८ मध्ये सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या कचेरीचं व्यवस्थापन त्याच्याकडे आलं. सभासदांची नोंद, शाखांशी पत्रव्यवहार, निवडणुकीची तयारी, सगळं त्याच टेबलावर.

१८९९ मध्ये देशातला सर्वांत मोठा संघर्ष झाला. मालकांनी टाळेबंदी केली, सुमारे ४०,००० कामगार महिनोन्‌महिने बाहेर. शेवटी ५ सप्टेंबर १८९९ ला समझोता झाला. कामाची आखणी आणि वाटप हा मालकांचा हक्क, हे कामगारांनी मान्य केलं. संघटना करणं आणि तिच्यामार्फत सौदा करणं हा कामगारांचा हक्क, हे मालकांनी मान्य केलं. डेन्मार्कचे औद्योगिक संबंध पुढे दशकानुदशकं या समझोत्यावर चालले. तेव्हा स्टाउनिंग पंचविशीत होता. संपाचा शेवट करारात कसा करायचा हे त्याच्या पिढीने इथे पाहिलं. १९३३ चा शेतकरी-कामगार करार घडवणारा स्टाउनिंग समजून घ्यायचा असेल तर १८९९ पासून सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे.

१९०६ मध्ये तो संसदेच्या फोल्केटिंग या सभागृहात निवडून आला. १९१० मध्ये पक्षाचा अध्यक्ष झाला. आधीचा अध्यक्ष पी. क्नुडसेन हा हातमोजे शिवणारा. एक हातमोजेवाला पायउतार होतो आणि एक सिगारवाला त्याच्या जागी येतो! १९१३ पासून कोपनहेगनच्या नगरपालिकेत. आधी संघटना, मग पक्ष, मग शहर, मग राज्य. त्याने एकही पायरी गाळली नाही.

३ जुलै

१९१६ ते १९२०.

पहिल्या महायुद्धात डेन्मार्क तटस्थ. कार्ल थिओडोर झाहले यांचं रॅडिकल पक्षाचं सरकार सोशल डेमोक्रॅटांच्या पाठिंब्यावर उभं होतं. कॅरिबियन समुद्रातली डॅनिश बेटं अमेरिकेला २ कोटी ५० लाख डॉलरला विकण्यावरून पेच पडला, आणि तो सोडवताना १९१६ च्या सप्टेंबरअखेर इतर पक्षांचे प्रतिनिधी बिनखात्याचे मंत्री म्हणून सरकारात घेतले. त्यांत स्टाउनिंग एक. डेन्मार्कचा पहिला सोशल डेमोक्रॅट मंत्री. युद्ध संपत आलं तेव्हा कामगार आणि सामाजिक प्रश्नांचं काम त्याच्याकडे सोपवलं गेलं. आठ तासांचा दिवस १९१९ मध्ये संघटना आणि मालक यांच्या करारातून आला.

१९२० चं ईस्टर वेगळ्या चौकटीत. राजा दहावा क्रिस्टियान याने २९ मार्चला झाहले सरकार बडतर्फ केलं. निमित्त जर्मनीलगतच्या श्लेस्विग प्रांतातल्या सीमेचं. संसदेला न विचारता केलेली ही बडतर्फी कामगारांना सहन झाली नाही आणि सार्वत्रिक संपाची हाक आली. स्टाउनिंग राजाला भेटायला गेला, बोलणी झाली, आणि ४ एप्रिलच्या पहाटे राजाने माघार घेतली. नवं हंगामी सरकार आणि निवडणुका ठरल्या. राजवाड्यासमोर गर्दी होती, प्रजासत्ताकाच्या घोषणा होत्या. स्टाउनिंगने राजेशाही उलथवली नाही; राजाने संसदेच्या मर्यादेत राहायचं, एवढं मिळवून तो परतला. आमच्यातला एक जण यावर नाराज आहे. त्याच्या मते संधी दवडली. मला वाटतं, त्या सौद्याने सगळं साधलं: त्यानंतर डेन्मार्कच्या राजाने सरकार पाडण्याचं धाडस केलं नाही.

८ जुलै

१९२४ चा फलक छोटा. २३ एप्रिलला डेन्मार्कचं पहिलं सोशल डेमोक्रॅटिक सरकार आलं. शिक्षणमंत्री नीना बांग, इतिहास आणि अर्थकारणाच्या अभ्यासक, संसदीय राज्यपद्धतीत मंत्रिपदावर पोचलेल्या जगातल्या अगदी पहिल्या स्त्रियांपैकी. त्यांचं चित्र मोठं घ्यायला सांगितलं. वरिष्ठ सभागृहात बहुमत नव्हतं, निःशस्त्रीकरणाचा कायदा तिथेच अडला, १९२६ मध्ये सरकार गेलं. १९२९ मध्ये स्टाउनिंग परत आला तो रॅडिकल पक्षाला सोबत घेऊन.

१४ जुलै

कान्सलरगाडेची रात्र. सगळ्या फलकांचा गाभा.

मंदीने डेन्मार्कला दोन्हीकडून घेरलं होतं. शेतकऱ्यांचं लोणी आणि डुकराचं मांस ब्रिटनला जायचं; भाव कोसळले, बाजार आक्रसला, शेतं लिलावात निघू लागली. शहरांत १९३२-३३ च्या हिवाळ्यात विमा असलेल्या कामगारांपैकी ४० टक्क्यांहून जास्त बेकार. त्यात मालकांनी मजुरीत २० टक्के कपात मागितली आणि १ फेब्रुवारी १९३३ पासून टाळेबंदीची नोटीस दिली. सुमारे १ लाख कामगार रस्त्यावर येणार होते.

स्टाउनिंगकडे वरिष्ठ सभागृहात बहुमत नव्हतंच. विरोधातल्या व्हेन्स्त्रे या शेतकऱ्यांच्या पक्षाशिवाय काहीही पार पडणार नव्हतं. बोलणी झाली ती कोपनहेगनच्या कान्सलरगाडे या रस्त्यावरच्या पंतप्रधानाच्या साध्या घरात. सोशल डेमोक्रॅट, रॅडिकल आणि व्हेन्स्त्रे. व्हेन्स्त्रेकडून ओलुफ क्राग. ३० जानेवारीला करार झाला.

शेतकऱ्यांना काय मिळालं: क्रोन या डॅनिश चलनाचं अवमूल्यन, एका पौंडाला २२.५० क्रोन, म्हणजे ब्रिटनला विकलेल्या मालाचे जास्त क्रोन हातात; शिवाय कर आणि कर्जात सवलती. कामगारांना काय मिळालं: मजुरीकपात टळली, चालू करार कायद्याने वर्षभर वाढवले, टाळेबंदीवर बंदी, बेकारांसाठी सार्वजनिक कामं, आणि सामाजिक सुधारणेचे कायदे अडवणार नाही हे व्हेन्स्त्रेचं वचन. बदल्यात संपावरही वर्षभर बंदी.

त्याच दिवशी, ३० जानेवारी १९३३ ला, बर्लिनमध्ये हिटलर चॅन्सेलर झाला. दोन्ही घटना एकाच पट्टीवर शेजारी छापायच्या आहेत. तिथेही मंदी आणि बेकारी होती, शेतकरी तिथेही चिडलेला होता. डेन्मार्कमध्ये शेतकरी आणि कामगार एका खोलीत बसले, कारण त्यांना बसवणारा माणूस चाळीस वर्षं हेच शिकत आला होता.

१६ जुलै

मावशींना कान्सलरगाडेचा फलक वाचून दाखवला. संपबंदीवर त्या थबकल्या. “कामगारांचा पुढारी आणि संप बंद करतो?” त्यांनी स्वतः संप पाहिले आहेत, विडी बंद म्हणजे चूल बंद, हेही पाहिलं आहे.

डेन्मार्कच्या कम्युनिस्टांचाही हाच आक्षेप होता, आणि तो हलका नाही. संप हे कामगाराचं एकमेव हत्यार आणि त्याचाच माणूस ते वर्षभर म्यानात घालायला लावतो. माझं मत मी लिहून ठेवतो. दहातले चार बेकार असताना संपाने मालक झुकला नसता, आणि २० टक्के कपात घरात आली असती. स्टाउनिंगने हत्यार दिलं ते कपात रद्द करून घेऊन. तरीही आक्षेप फलकावर जाणार, पूर्ण ताकदीने. मावशींचा प्रश्न आहे त्याच शब्दांत उपशीर्षक म्हणून घेतला.

२१ जुलै

सामाजिक सुधारणा. वचनाप्रमाणे मे १९३३ मध्ये कायदे झाले. समाजकल्याण मंत्री के. के. स्टाइंके याने विखुरलेले पन्नासहून अधिक कायदे चार मोठ्या कायद्यांत बांधले: आजार-वृद्धत्वाचा विमा, अपघात विमा, बेकारी विमा व रोजगार नोंदणी, आणि सार्वजनिक साहाय्य. मदत ही अधिकाऱ्याच्या मर्जीची भीक न राहता ठरलेल्या नियमाने मिळणारा हक्क व्हावी, हा त्यामागचा विचार. गरिबाने मदत घेतली की त्याचा मताधिकार जायचा, ती जुनी शिक्षाही बरीच आखडली.

आमच्या वाचकांना हे जवळचं आहे. विडी व सिगार कामगारांसाठी आपला कायदा १९६६ मध्ये झाला, कल्याण निधीचा कायदा १९७६ मध्ये. विडीवरच्या उपकरातून दवाखाने, शिष्यवृत्त्या, घरकुलं यांना पैसा जाई. २०१७ मध्ये जीएसटीबरोबर तो उपकर रद्द झाला. ओळखपत्र असलं की हक्क, नसलं की विनंती, हा फरक इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. एवढाच उल्लेख, फलकाच्या तळाशी.

आता अवघड भाग. याच काळात, याच सरकारात, नसबंदीचे कायदे झाले. १९२९ चा डेन्मार्कचा कायदा युरोपात देशपातळीवरचा पहिला. १९३४ च्या कायद्याने मतिमंद ठरवलेल्या माणसांवर त्यांच्या संमतीशिवायही शस्त्रक्रिया करता येऊ लागली. स्टाइंके या विचाराचा पुरस्कर्ता होता. हक्काचा कायदा लिहिणाऱ्या हातानेच कुणाला मुलं व्हावीत हे ठरवलं. मुलांच्या वाचनालयात हे कशाला, असं एकाचं म्हणणं. मी हटून बसलो. ज्यांच्यावर हे झालं ती गरीब घरचीच माणसं होती, त्यांना या भिंतीवर जागा नाकारायची नाही. मजकूर राहिला.

२५ जुलै

१९३५ ची निवडणूक. घोषणा: ‘स्टाउनिंग किंवा अराजक’. ४६.१ टक्के मतं. शेजारी पुलांची चित्रं, लिटल बेल्ट १९३५ आणि स्टोरस्ट्रॉम १९३७. १९३८ मध्ये कायद्याने दोन आठवड्यांची पगारी सुट्टी. मुलांना पूल आवडतील.

१ ऑगस्ट

शेवटचा फलक १९३५ च्या विजयावर थांबवावा, असा आग्रह होता. तो मान्य केला नाही. माणूस १९४२ पर्यंत जगला आणि पंतप्रधान होता.

१९३७ मध्ये स्वीडनमधल्या लुंड इथे त्याने नॉर्डिक देशांच्या लष्करी युतीला नकार दिला. डेन्मार्कने उत्तरेचा राखणदार व्हावं हे त्याला मान्य नव्हतं. मे १९३९ मध्ये जर्मनीशी अनाक्रमणाचा करार. त्याच महिन्यात वरिष्ठ सभागृह रद्द करणाऱ्या नव्या राज्यघटनेवर जनमत घेतलं. एकूण मतदारांच्या ४५ टक्के होकार हवा होता, ४४.४६ टक्के पडला. इतक्या थोडक्यात हुकल्याचा त्याला जबर धक्का बसला. त्या वर्षी पक्षाध्यक्षपद त्याने हान्स हेडटॉफ्टकडे सोपवलं.

९ एप्रिल १९४० ला पहाटे जर्मन सैन्य आलं आणि काही तासांत देशाने शस्त्रं ठेवली. सरकार राहिलं, सर्व मोठे पक्ष त्यात आले, स्टाउनिंग पंतप्रधान राहिला. सौद्याचं कसब इथेही वापरलं गेलं, पण समोरचा करार पाळणारा नव्हता. जून १९४१ मध्ये डॅनिश पोलिसांनी कम्युनिस्टांना पकडलं, ऑगस्टमध्ये त्यांच्या पक्षावर बंदीचा कायदा झाला, राज्यघटनेच्या विरुद्ध. नोव्हेंबरमध्ये परराष्ट्रमंत्री स्कावेनियस याने बर्लिनला जाऊन कॉमिंटर्नविरोधी, म्हणजे जर्मनीच्या कम्युनिस्टविरोधी आघाडीच्या, करारावर सही केली. ज्या मर्यादेचं भान स्टाउनिंगने १९२० मध्ये राजाला दिलं होतं, ती मर्यादा त्याच्याच सरकारने ओलांडली. लोकांचे जीव आणि कामगारांची चूल वाचवण्यासाठी हे केलं, असं त्याचे समर्थक म्हणतात. डेन्मार्कमध्ये हा वाद मिटलेला नाही. माझ्या मते कम्युनिस्टांची अटक ही त्याच्या आयुष्यातली सर्वांत मोठी हार. विरोधी मताच्या कामगाराला संघटना करण्याचा हक्क नाकारणं म्हणजे १८९९ च्या समझोत्याचा पायाच काढून घेणं.

३ मे १९४२ ला मृत्यू. कोपनहेगनमध्ये अंत्ययात्रेला प्रचंड गर्दी लोटली. त्याच्या मागे विल्हेल्म बूल पंतप्रधान झाला.

५ ऑगस्ट

मुद्रितशोधन झालं. डॅनिश नावांचे उच्चार सगळ्या फलकांवर सारखे केले. ‘नसबंदी’ आणि ‘कम्युनिस्टांची अटक’ या चौकटींचा टंक बाकी मजकुराइतकाच ठेवायला छापखान्याला बजावलं आहे; आधीच्या नमुन्यात तो बारीक आला होता. रात्री मावशींच्या गल्लीतल्या बायकांना सगळे फलक वाचून दाखवायचे आहेत, विड्या वळता वळता ऐकतील. त्यांचे प्रश्न लिहून घ्यायचे, उद्या दुपारपर्यंत छापखान्यात बदल देता येतात. पुढचा माणूस सॅम्युएल गॉम्पर्स.